नाव माहीत नाही, म्हणून बंद?

मशीन स्लो झालं. टास्क मॅनेजर उघडला. खाली ‘एसव्हीसीहोस्ट’ची ही भलीमोठी रांग. काळजात धस्स! एवढे घुसले कधी?

कुणी घुसलेलं नाही. हा विंडोजचाच हमाल, इतर सर्व्हिसेस पाठीवर वाहणारा. पूर्वी एकेकाच्या पाठीवर डझनभर असत. 2017च्या विंडोज 10 अपडेटनंतर, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर, बहुतेकींना स्वतंत्र हमाल मिळाला. एक कोसळली तर बाकीच्या वाचाव्यात म्हणून.

ज्या गर्दीला घाबरलात, ती तुमच्याच सोयीची.

पण त्यात खरंच एखादा तोतया असला तर? पत्ता बघा. मूळ फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम32’ फोल्डरमध्ये राहते. ‘डाउनलोड्स’मधून चालत असेल, स्पेलिंगमध्ये अक्षरांची अदलाबदल असेल, तर अँटिव्हायरसने सगळं मशीन तपासा. चोर सापडल्यावर नुसता दिवा मालवून भागतं का?

आता त्या पाठीवरच्या सर्व्हिसेसकडे वळू. ‘आरपीसी’ नाव ऐकलंय कधी? बहुतेकांनी नाही. 2003च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ वर्मच्या हल्ल्यात ही सर्व्हिस कोसळायची आणि पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची. 60 सेकंद.

मग अख्खं मशीन रीस्टार्ट. अनोळखी सर्व्हिसवर एवढा डोलारा उभा होता.

आता ओळखीचं नाव घ्या. प्रिंट स्पूलर. बिचारा छपाईची रांग लावतो, त्याच्यावर कोण संशय घेणार? 2010मध्ये उघडकीला आलेल्या ‘स्टक्सनेट’ वर्मने त्याच्याच भगदाडातून वाट काढली. 2021मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड निघालं, तेही तिथेच. प्रिंटर नसलेल्या सर्व्हरवरही स्पूलर चालू होता.

धोका ओळखीच्या दारातून आला.

‘विंडोज अपडेट नेट खातं, बंद कर,’ असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. 2017च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती पाठवली. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर वर्म आला आणि ती न घेतलेल्या मशीनमधल्या फायली कुलपात गेल्या. वाचवलेला डेटा किती? गमावलेला किती?

बरं, सर्व्हिस बंद करून वेग तरी वाढतो? सर्व्हिसेसची यादी नीट वाचा. कितीतरी ‘मॅन्युअल’वर असतात, गरज पडली की उठतात. झोपलेल्याला पुन्हा झोपवून काय मिळणार?

म्हणून हात लावण्याआधी तीन प्रश्न. कुणाची? कशासाठी? हिच्यावाचून कुणाचं अडतं? तिसऱ्याचं उत्तर सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘डिपेंडन्सीज’च्या टॅबवर बरंचसं मिळतं. तरी शंका असेल तर सेटिंग जसं आहे तसं ठेवा. खात्री असेल तर आधीचं सेटिंग कागदावर लिहा, एका वेळी एकच सर्व्हिस बदला आणि दोन दिवस वाट पाहा. दहा एकदम बंद केल्यावर वाय-फाय गेलं, तर दोष दहांतल्या कुणाचा, कसं शोधणार?

घरात प्रिंटर नाही? मग स्पूलर बंद करायला हरकत नाही.

थांबा. फॉर्म भरून ‘प्रिंट टू पीडीएफ’ करता ना? तेही स्पूलरच करतो.

तिसरा प्रश्न विचारला होता का?