पोलिस आयुक्तांचं पॅनल

सोसायटीच्या निवडणुकीत ‘अख्खं पॅनल आणा’ म्हणत दारोदार फिरणाऱ्या मंडळींनी जरा 1907 च्या मुंबईकडे बघावं. तिथे पॅनल उभं केलं होतं खुद्द साहेबानं.

महापालिकेत तेव्हा जागा 72. पैकी 36 करदात्यांच्या, म्हणजे वर्षाला 30 रुपये कर भरणाऱ्यांच्या. भोंगा वाजताच गिरणीकडे धावत सुटणाऱ्याला मत कसलं! 16 जागा सरकार नेमून भरी. आणखी 16 ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणवणारे प्रतिष्ठित निवडून देत. आणि हे जस्टिसही सरकारनंच नेमलेले. थेट नेमा, नाहीतर नेमलेल्यांकडून निवडून आणा. कायद्यात दोन्हीची सोय.

फिरोजशहा मेहता या जस्टिसांच्या मतांवर सभागृहात येत. 1888 चा पालिका कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा, सभागृहात त्यांचा शब्द चाले. साहेबाला हे खुपलं. अकाउंटंट जनरल हॅरिसन पुढे सरसावले. जोडीला कलेक्टर, पालिका आयुक्त, पोलिस आयुक्त आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर. हिशेब, महसूल, पालिका, दंडुका आणि छापखाना, सगळे एका गोटात! (आजकाल यातले एकदोघे तटस्थ असल्याचं नाटक तरी करतात.) या गोटाला नाव पडलं ‘कॉकस’. 16 जागांसाठी 16 नावांची यादी निघाली. पोलिस आयुक्तांच्या गोटातून मत मागितल्यावर ‘बघू, विचार करून सांगतो’ म्हणायची छाती कोणाची?

अख्खं पॅनल आलं. मेहता सतरावे.

आणि इथे माशी शिंकली. विजयी सोळांपैकी एकाचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध निघाला. निवड रद्द, आणि सतरावे मेहता आत. अहो, कंत्राटात हात आहे एवढ्यावरून पद गेलं! मेहुण्याच्या नावावर कंत्राट घ्यावं, ही साधी अक्कल एवढ्या बड्या साहेबांपैकी कोणालाही सुचू नये? आणि हे म्हणे साम्राज्य चालवत होते.

मेहतांनी पुढे 1913 मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ काढून ‘टाइम्स’चाही हिशेब चुकता केला. पालिका मुख्यालयासमोर आज पुतळा आहे तो त्यांचाच. कंत्राटात हात असलेल्याला अपात्र ठरवणारं कलमही त्याच 1888 च्या कायद्यात अजून शाबूत आहे. तेव्हा इच्छुकांनी घाबरून जाऊ नये. मेहुण्यांनी मात्र आपले कागद एकदा तपासून घ्यावेत.