वऱ्हाडातील ‘लाइन’: एक अर्थविचार

‘लाइन’ म्हणजे रेघ एवढे सांगून शाळेतले मास्तर मोकळे होतात; परंतु अकोला-अमरावतीकडे हा शब्द इतक्या कामांना जुंपला गेला आहे की त्याचा मूळ अर्थ तेवढा बेकार राहिला असून, रेघेला वऱ्हाडी माणूस आजही रेघच म्हणतो. मुंबईचा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ साली नागपूरला पोचला आणि रूळ म्हणजे लाइन हा अर्थ येथे रुजला. अमरावती त्या लाइनीवरून हुकली व बडनेऱ्याच्या फाट्यावर भागवू लागली. साहेबांच्या बंगल्यांची सिव्हिल लाइन आणि शिपायांच्या खोल्यांची पोलीस लाइन या त्याच शब्दाच्या दोन शाखा, मात्र त्यांच्यात सोयरीक झाल्याचे ऐकिवात नाही.

खरे वैभव विजेच्या अर्थाला आहे. वऱ्हाडात वीज जात नाही, लाइन जाते, आणि ती गेली की आधी शेजाऱ्याला “तुमच्याकडे लाइन हाये काय?” असे विचारून, तिकडेही नसल्याची खात्री झाल्यावरच मनुष्य निवांत होतो. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराच्या लेखी ‘दिवसाची लाइन’ आणि ‘रातची लाइन’ या दोन स्वतंत्र ऋतूंसारख्या असतात, कारण शेतीपंपाचा थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने मिळतो आणि रातची पाळी आली की ओलितासाठी, म्हणजे पिकाला पाणी देण्यासाठी, बॅटरी घेऊन वावरात जावे लागते.

‘लाइन मारणे’ म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या नजरेत भरण्याचा दीर्घकालीन व बहुधा एकतर्फी उद्योग होय. त्यास प्रतिसाद मिळाल्यास ‘लाइन देते’ असे म्हणतात. हे क्रियापद महावितरण आणि प्रेयसी या दोघींना सारखेच लागू पडते, कारण दोन्हीकडे वेळापत्रक देणाराच ठरवतो आणि तक्रार ऐकणारा कोणी नसतो.

लग्न जुळवताना मात्र या शब्दाच्या संदिग्धतेचा पुरेपूर लाभ घेतला जातो. “पोरगा कोन्त्या लाइनीत हाये?” या प्रश्नात लाइन म्हणजे पेशा, तर उनाड मुलगा सुधारला की तो ‘लाइनीवर येतो’, त्यामुळे तारतंत्रीचा कोर्स करून खांबावर चढणाऱ्या मुलाचा बाप मिशीवर हात फिरवीत “आमचा पोरगा लाइनीवरच असते” असे उत्तर देतो, आणि मुलीकडचे त्याचा कोणता अर्थ घेतात हे साखरपुडा उरकेपर्यंत तो विचारीत नाही.