खुडूक

थर्माकोलचा खोका, 40 वॅटचा बल्ब, संगणकातून काढलेला पंखा आणि एक थर्मोस्टॅट, एवढ्या भांडवलावर मी कोंबडीला बेकार करायला निघालो होतो. तापमानाने त्रास दिला नाही. पंखा फिरता असला की 37.5 अंश सेल्सिअस धरायचं. बल्ब आपला आपण पेटतो, विझतो.

घात केला तो ओलाव्याने. पहिले 18 दिवस हवेत 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. कारण पहिल्या 18 दिवसांत अंडं कवचाच्या छिद्रांतून जवळपास 12 टक्के वजन घालवतं आणि बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते. पिल्लाचा पहिला श्वास तिथला. हवा फार दमट असली तर पोकळी लहान राहून ते गुदमरतं. फार कोरडी असली तर आतला पापुद्रा चिवट होऊन अंगाला चिकटतो. एकूण काय, मरायला दोन्ही बाजूंनी मुभा.

पुण्यातला एप्रिल, त्यात बल्बची ऊब. आर्द्रतामापक 28 वर. मी वाटीभर पाणी ठेवलं, 31. वाटी काढून तांब्या ठेवला, तरी 31. पाणी किती खोल आहे याला किंमत नाही, किती पसरलंय याला आहे, हे शाळेत बाष्पीभवनाच्या धड्यात होतं म्हणे. मग पसरट ताट, त्यात ओला पंचा. आकडा हलला, पण बघायला झाकण उघडलं की पुन्हा खाली. रात्री गजर लावून उठायचो. शेजारणीने चौकशी केली तेव्हा बायको म्हणाली, "हे खुडूक बसलेत."

अंडी फिरवायचंही माझ्याकडेच होतं. दिवसातून विषम वेळा फिरवावीत, म्हणजे रोज रात्री तीच बाजू वर राहत नाही. खूण म्हणून पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसरीकडे गोळा काढला. चिरंजीवांनी तेवढ्यावर डाव मांडला आणि गोळा जिंकावा म्हणून दोन अंडी परस्पर उलटी केली.

कुणीतरी मापकाची मिठाने परीक्षा घ्यायला सांगितलं. ओलं मीठ आणि मापक एका डब्यात घट्ट बंद करायचं. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी डबा उघडला तर मापक 62 दाखवत होतं. म्हणजे मी काटा 50 वर आणण्यासाठी जिवाचं रान करत होतो, तेव्हा अंडी भर एप्रिलात कोकणात नांदत होती.

आई मूळची कोकणातली. म्हणाली, "अरे, रवणाला बसलेली कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते. तू दर दहा मिनिटांनी उठतोस." अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, झाकणालाही हात लावायचा नाही. त्यात नेमकी वीज गेली. मी गरम पाण्याच्या बाटल्या शोधत घरभर धावलो. आईने खोक्यावर गोधडी टाकली आणि झोपायला गेली. अंडी थोडा वेळ गार झालेली खपतात, जास्त तापलेली खपत नाहीत, हे मी तिला वाचून दाखवणार होतो.

पिल्लं निघाली, सगळी नाही. खोका विकायला काढलाय. परवा एक गृहस्थ बघायला आले. बायको आतूनच म्हणाली, "सोबत हेही न्या. ओलावा छान सांभाळतात."