दोन रेझिस्टन्सची भानगड

ऐकलंत का? आमच्या बिल्डिंगीत सध्या नुसता अनाचार माजलाय. चांगल्या घरची, नोकरीला लागलेली मुलं रात्री दार लोटून घेतात आणि धडधाकट पेडलच्या तळाचे चार स्क्रू काढतात. वॉरंटी तिथंच कैलासवासी!

पेडल म्हणजे सायकलचं नव्हे हो. गिटार आणि अँप यांच्या मध्ये जमिनीवर पडलेली ती डबी. पायानं दाबली की आवाज फाटतो. आवाज फाटावा म्हणून कुणी पैसे मोजतं, इथंच खरं तर कानांवर हात ठेवायचे. पण या मंडळींची तक्रार काय, तर तो ‘नीट’ फाटत नाही!

सगळ्याचं मूळ जपानात, आयबानेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमरमध्ये. १९७९च्या सुमारास टीएस ८०८ आली, १९८२ साली तिची धाकटी बहीण टीएस ९. जुन्या थोरलीचे भाव आता आभाळाला टेकलेत, धाकटी त्या मानानं गरीब. आणि आतली गोष्ट सांगू? दोघींच्या पोटात जवळजवळ एकच सर्किट. आउटपुटचे दोन रेझिस्टन्स तेवढे वेगळे. धाकटीचे ४७० ओहम आणि १०० किलोओहम, थोरलीचे १०० ओहम आणि १० किलोओहम. म्हणजे किरकोळीतले दोन रेझिस्टन्स बदलायचे, जोडीला ४५५८ची चिप, आणि धाकटीला थोरलीचा शालू नेसवून स्टेजवर उभी करायची. तिकडे अमेरिकेत रॉबर्ट कीलीनं अशाच कारभारावर नाव काढलं. बिल फिनिगननं १९९४ साली क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल काढलं तेव्हा कुणी डोकावू नये म्हणून सर्किटवर चक्क इपॉक्सी ओतली. लोकांनी तीही खरवडली. लाजलज्जा म्हणून नाही!

बरं, रेझिस्टन्सवर तरी थांबावं? आवाज पातळ वाटतो म्हणून ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१चा घालतात. खर्जाला जिथून कात्री लागते ती जागा ७२० हर्ट्झवरून निम्म्याच्याही खाली येते. मग डायोड. सिलिकॉनचा डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास सिग्नलचा शेंडा छाटतो. त्याच्या जागी लाल एलईडी बसवली की छाटणी बरीच वर सरकते आणि आवाज मोठा, मोकळा होतो. दिवाळीच्या माळेतला दिवा, आणि तो सुराच्या वाटेत!

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं तर मला लॅमिंग्टन रोडला सोबत नेलं. यानं दोन रेझिस्टन्स मागितले. दुकानदारानं वर न बघता अख्खी पट्टी कात्रीनं कापून हातात दिली, ‘दोन कुठं मोजत बसू?’ घरी सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं आणि बोर्डावरची तांब्याची रेघ उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी उचलली गेली. पेडल मुकं! पहाटे दोनला एक वायर आडवी टाकून त्याला वाचा फोडली. त्या झटापटीत एक स्क्रू पलंगाखाली गेला, तो गेलाच.

रविवारी आम्हाला ऐकायला बसवलं. डावीकडे मित्राचं कोरं पेडल, उजवीकडे याचं, म्हणे. आईनं मघाशीच केर काढला होता. यानं दोन्ही वाजवली, उजवं दोनदा, आणि डोळे मिटून म्हणाला, ‘मावशी, बघा, कसा गोलाई घेऊन येतोय!’

मी ‘वा’ म्हटलं. निघताना सहज उजवं उचलून उलटं केलं. चारही स्क्रू जागच्या जागी.

ठेवलं गुपचूप. चहा चांगला झाला होता.