कंदोबा

परदेशातल्या मराठी मंडळात एक तरी कंदोबा असतोच. आमच्या न्यू जर्सीतला कंदोबा मूळचा सांगलीचा. खरं नाव वर्गणीच्या वहीत सापडेल, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही वळून बघत नाही. जेजुरीच्या खंडोबावर लोक भंडारा उधळतात; हा कंदोबा स्वतःच उधळतो, आणि तेही लाल तिखट. का, ते पुढे येईल.

त्याचं वर्ष सुरू होतं उन्हाळ्यात, कंदांचा कॅटलॉग दारात पडला की. आम्ही दिवाळी अंकांची वाट बघत असतो तेव्हा हा ट्यूलिपच्या पानांवर पेन्सिलीने खुणा करत बसतो. खुणा शंभर, मागवत मात्र एकही नाही. "नोव्हेंबरात दुकानवाले निम्म्या किमतीत काढतात रे." त्यामुळे शेजारचे गोरे आजोबा ऑक्टोबरात आरामात लागवड उरकतात आणि कंदोबाची लागवड नेमकी दिवाळीवर येऊन आदळते. आत वहिनी चकल्या तळतायत, दारात पाहुणे उभे, आणि यजमान डोक्याला बॅटरी बांधून, अंगणात गुडघे टेकून खड्डे खणतोय.

पाहुण्याच्या हातात चिवड्याच्या बशीआधी कंद पडतो. "टोक वर, बूड खाली. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. ट्यूलिप आठ इंच, क्रोकस चार. पाणी साचायला नको, नाहीतर कुजतो." कुणीतरी घाईघाईत उलटा लावतोच. कंद उलटा पडला तरी कोंब वळसा घालून वर येतो, हे कंदोबाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी पाहुण्यांच्या गाड्या वळल्या की तो बॅटरी लावून ते कंद सरळ करायला जातो.

वहिनी खर्चाचं बोलल्या की तो थेट हॉलंडात शिरतो. "१६३७ साली भाव कोसळायच्या आधी काही कंद कारागिराच्या वर्षाच्या कमाईहून महाग होते. मी तर निम्म्या किमतीत आणलेत!" वहिनी शांतपणे चकली उलटतात. "आणि १९४४ च्या हिवाळ्यात त्याच लोकांनी उपासमारीपायी हेच कंद शिजवून खाल्ले, तेही तुम्हीच सांगितलंत ना?" यावर इतिहासाचा तास संपतो.

त्याचं लाडकं वाक्य एकच: "थंडी लागल्याशिवाय फूल नाही." ट्यूलिपबद्दल ते अगदी खरं आहे. जमिनीखाली बारा-चौदा आठवडे गारठा मिळाला नाही तर आतला फुलाचा कोंब नीट वाढत नाही. म्हणूनच सांगलीत लावलेल्या ट्यूलिपला फार तर पानं येतात. पण कंदोबा हे वाक्य माणसांनाही लावतो. भाच्याची नोकरी गेली, "थंडी लागू दे त्याला." मुलीने बोस्टनहून फोन करून रडगाणं गायलं, "लागू दे थंडी." एकदा हीटर बिघडला तेव्हा वहिनींनी हेच वाक्य त्याला ऐकवलं. दुरुस्तीवाला त्याच संध्याकाळी आला.

आता तिखट. लागवड झाली की खारी येतात. ताजी उकरलेली माती म्हणजे त्यांना पंगतीचं आमंत्रणच. पुस्तकात मिरचीपूड भुरभुरायला सांगितलंय हे वाचून कंदोबाने आईने सांगलीहून दिलेलं घरचं कांदा-लसूण मसाल्याचं तिखट वाफ्यावर मूठमूठ उधळलं. पहिल्या पावसात ते वाहून गेलं, खारी परतल्या, आणि वहिनी आठवडाभर मिळमिळीत रस्सा वाढत राहिल्या. आता तो वाफ्यावर तारेची जाळी अंथरतो. तिखट तरीही थोडं उधळतो, रिवाज म्हणून.

खारींनंतर हरणं. पहिल्या वर्षी वहिनींना त्यांचं कोण कौतुक! परसात हरीण, म्हणून फोटो भारतापर्यंत गेले. त्याच हरणांनी एप्रिलात एका रात्रीत ट्यूलिपचे सगळे कळे खुडून नेले. सकाळी नुसते देठ. त्या दिवसापासून कंदोबा डॅफोडिलकडे वळला. डॅफोडिल विषारी, त्यामुळे त्याला ना खार शिवते ना हरीण. शिवाय बाजारातले संकरित ट्यूलिप पहिल्या वर्षी झोकात फुलतात आणि मग वर्षागणिक उतरत जातात. डॅफोडिलची बेटं मात्र वाढत राहतात. तरी दर नोव्हेंबरात तो चार पिशव्या ट्यूलिप आणतोच. "हरणांनीही काहीतरी खायला हवं," म्हणतो.

हिवाळ्यात अंगणात काहीच दिसत नाही, आणि तोच काळ घरच्यांना सर्वात कठीण. फ्रिजवर वाफ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो. पोरं बर्फाचा माणूस करायला धावली की खिडकीतून आरोळी येते, "तिथे नको, खाली हायसिंथ झोपलेत!" आम्हाला धीराचे धडे देणारा हा गृहस्थ जानेवारीत स्वतः बर्फ बाजूला सारून बोटाने माती चाचपून येतो. विचारलं तर म्हणतो, "पेपर आणायला गेलो होतो." पेपर तो मोबाइलवर वाचतो.

मार्चात बर्फातून क्रोकसचं पहिलं जांभळं टोक दिसलं की मंडळाच्या ग्रुपवर सकाळी सहाला फोटो. गुढीपाडव्याच्या सुमाराला डॅफोडिल. एका पाडव्याला त्याच्या आई इथे होत्या. कळी अजून वर आली नव्हती, नुसती हिरवीगार पात डोलत होती. त्यांनी सुनेकडे सुरी मागितली. "एवढी कांद्याची पात वाया चाललीय गं, झुणका करते." कंदोबाला त्या वेगाने धावताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. आईंची आजही तक्रार आहे, मुलाने अमेरिकेत जाऊन कांदे लावले आणि तेही खायचे नाहीत असले.

एप्रिलअखेर, हरणांच्या कृपेने उरलेले ट्यूलिप उघडतात. मग कंदोबा सगळ्यांना चहाला बोलावतो, एकेका फुलापाशी थांबवतो, आणि पाच महिने कुरकुर करणाऱ्या वहिनी फोटोत सर्वात पुढे उभ्या असतात. जाताना प्रत्येकाच्या हातात पाच-सहा फुलं देतो. ती देताना मात्र तो कंदांची किंमत काढत नाही.

तुमच्या ओळखीतही असा कुणी असेल तर त्याच्याकडे एप्रिलातच जा. मे महिन्यात गेलात तर पिवळी पडत चाललेली लोळती पानं दिसतील. ती सहा आठवडे का कापायची नाहीत, पुढच्या वर्षाचं अन्न कंदात कसं साठतं, हे उभ्याने तासभर ऐकावं लागेल. आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं, हीच मोठी पंचाईत आहे.