राक्षसांचा संघ कसा उभारावा: चंदीगडात नव्याने आलेल्यांसाठी

चंदीगडात बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच दसऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे इथे रस्त्याकडेला कांचनाची झाडं भरपूर आहेत आणि त्यांची पानं आपट्याची म्हणून सहज खपतात. (आपल्याकडच्या बाजारातही हेच चालतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.) दुसरी म्हणजे ती पानं द्यायला संध्याकाळी कोणी घरी सापडत नाही, कारण अख्खा सेक्टर रावण बघायला मैदानावर गेलेला असतो. शस्त्रपूजा, पाटीवरची सरस्वती, श्रीखंड हे सगळं दुपारपर्यंत उरकावं आणि आपणही मैदान गाठावं. पुढच्या वर्षी दशहरा कमिटीचे लोक वर्गणीला येतील, चहा घेतील आणि तुमचं अक्षर चांगलं आहे एवढ्या भांडवलावर तुम्हाला कमिटीत ओढतील. त्या दिवसापासून खलनायकांची निवड ही तुमचीही जबाबदारी. पुढच्या सूचना त्यासाठी.

आधी उपलब्ध खेळाडू बघा. नवशिक्याला वाटतं की संघ तिघांचाच असतो: मधे रावण, एका हाताला कुंभकर्ण, दुसऱ्या हाताला मेघनाद. ही मुळातली यादी नव्हे, काटछाट करून उरलेली आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडात लंकेकडून कोण कोण उतरतं ते मोजा. धूम्राक्ष, वज्रदंष्ट्र, अकंपन, प्रहस्त. मग झोपेतून उठवलेला कुंभकर्ण. मग नरांतक, देवांतक, त्रिशिरा, अतिकाय, महोदर, महापार्श्व. मग कुंभ आणि निकुंभ ही कुंभकर्णाची मुलं, खराचा मुलगा मकराक्ष, मेघनाद, विरूपाक्ष, आणि सर्वांत शेवटी कप्तान. जनस्थानात खर आणि दूषण यांच्यासह चौदा हजारांची फौज एकट्या रामाने संपवली ती वेगळी, अशोकवनात हनुमानाच्या हाती सापडलेला अक्षकुमार वेगळा. मराठी घरांत अहिरावण-महिरावणही ओळखीचे असतात. ते वाल्मीकींच्या यादीत नाहीत, मागाहून संघात आले. पण आले ते चांगले खेळाडू म्हणूनच, राम-लक्ष्मणांना उचलून थेट पाताळात नेण्याइतके.

ज्यांनी लहानपणी कॉमिक्स वाचली आहेत त्यांना हा कारभार ओळखीचा वाटेल. १९६४ साली स्पायडरमॅनवर सहा जणांची टोळी सोडण्यात आली, सिनिस्टर सिक्स: डॉक्टर ऑक्टोपस, इलेक्ट्रो, क्रेवन, मिस्टेरिओ, सँडमॅन, व्हल्चर. सहाचा आकडा नावातच असल्यामुळे माणूस गेला की जागा भरावीच लागते. १९९० साली टोळी पुन्हा जमली तेव्हा क्रेवन मेलेला होता, त्याच्या जागी हॉबगॉब्लिन आला. १९८५ साली कॅप्टन अमेरिकाच्या वाट्याला सर्पेंट सोसायटी आली. तिच्यात शिरायची अट एकच, नाव सापाचं हवं. साइडवाइंडर नावाच्या म्होरक्याने ती चक्क कामगार संघटनेच्या धर्तीवर चालवली. आपल्याकडे अशी एखादी संस्था असती तर पहिल्या वर्षी सर्वसाधारण सभा झाली असती आणि दुसऱ्या वर्षी तिचे दोन गट.

कॉमिक्सची आणखी एक खोड म्हणजे मेलेला माणूस काही अंकांनी धडधाकट परत येतो. नाक मुरडण्याआधी युद्धकांड पुन्हा चाळा. महोदराला नील मारतो, महापार्श्वाला ऋषभ मारतो. पुढे काही सर्ग गेले की महोदर सुग्रीवाच्या हातून मरतो आणि महापार्श्व अंगदाच्या. त्रिशिराही दोन आहेत, एक जनस्थानात रामाकडून जातो, दुसरा लंकेत हनुमानाकडून. पण दुसरा निदान रावणाचा मुलगा आहे असं स्पष्ट सांगितलेलं आहे. महोदरासाठी एकच तोड, एका नावाचे दोन इसम मानायचे आणि पुढे वाचायचं. कमिटीच्या बैठकीत हा मुद्दा काढू नका. मी काढलेला पाहिला आहे. चहा गार होतो.

आता कात्री चालवा. यादीतल्या प्रत्येकाला बांबू, कागद, दारूगोळा आणि क्रेन लागते, म्हणून तिघांवर भागवायचं. एवढ्या मोठ्या सैन्यातून उरले ते घरचेच: एक भाऊ, एक मुलगा. आणि इथे मला नेहमी अडखळायला होतं. कुंभकर्णाने रावणाला भर दरबारात सुनावलं होतं की तू केलंस ते चूक आहे. विभीषणाचंही म्हणणं तेच होतं. विभीषण पलीकडे गेला आणि त्याला लंकेचं राज्य मिळालं. कुंभकर्ण भावासाठी लढून मेला, आणि दर वर्षी बांबू त्यालाच लागतो. मत दोघांचं सारखं होतं हे कमिटीतल्या कोणालाही मान्य आहे. तरी विभीषणाचा पुतळा करा असं सुचवणारा अजून भेटलेला नाही, आणि तुम्हीही सुचवू नका.

शूर्पणखेला या संघात जागा नाही. रामलीलेत तिचं नाक कापतात, प्रेक्षक हसतात, तिचं काम संपतं. २०२५ साली इंदूरमध्ये काही मंडळींनी खुनाचा आरोप असलेल्या स्त्रियांचे चेहरे लावून शूर्पणखेचा पुतळा जाळायचं ठरवलं, तेव्हा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मनाई केली. बरोबरच केलं. खटला चालू असलेल्या माणसाला राक्षसांच्या संघात घेण्याचा अधिकार वर्गणीच्या पावतीत येत नाही.

उंचीबद्दल. इमारती बुटक्या ठेवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात रावणाला मात्र कोणी हात लावत नाही. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधला 'उघडा हात' २६ मीटर उंच आहे, ल कॉर्ब्युझिएचं सचिवालय सुमारे ४२ मीटर. आणि २०१९ च्या दसऱ्याला, ८ ऑक्टोबरला, शहराच्या कडेच्या धनासमध्ये २२१ फुटांचा रावण उभा होता, म्हणजे जवळजवळ ६७ मीटर. सचिवालयाच्या डोक्यावरून त्याला सहज पलीकडे बघता आलं असतं. तो उभा केला अंबाला जिल्ह्यातल्या बराडा गावच्या तेजिंदर चौहान यांनी, ज्यांचं नाव उंच रावणांसाठी आधीपासूनच गाजत होतं. त्यांचा रावणही तुमच्यासारखाच बदलीवर असतो: बराड्याहून कधी धनास, कधी शेजारचं पंचकुला, आणि २०२५ साली थेट राजस्थानात कोटा, तिथेही २२१ फुटांच्याच घरात. तुमच्या सेक्टरने या स्पर्धेत पडू नये. पन्नास-साठ फुटांत काम भागतं, आणि पडला तर तो मैदानातच पडतो.

कारागीर बहुधा उत्तर प्रदेशातून येतात, त्यांत पुष्कळदा मुसलमान कुटुंबं असतात, आणि काम बापाकडून मुलाकडे आलेलं असतं. महिना-दीड महिना ते मैदानाच्या कोपऱ्यात तंबू ठोकून राहतात. बांबू चिरायचे, सांगाडा आडवा बांधायचा, वर कागद चढवायचा, मैद्याच्या खळीने रंगीत कागद डकवायचा. चेहरा वेगळा, मुकुट वेगळा, आणि दारू भरायची ती अगदी शेवटी. तुम्ही तिथे रोज जाल आणि सूचना द्याल. कारागीर मान डोलावेल. सूचना अमलात येणार नाहीत, आणि पुतळा त्यामुळेच चांगला होईल.

डोकी मोजू नका, असं सांगूनही नवा सभासद मोजतोच. मधे मुख्य चेहरा धरला तर बाजूंना नऊ उरतात, आणि नऊ दोन्हीकडे सारखे वाटता येत नाहीत. यावर तीन उपाय आहेत: एका बाजूला चार आणि दुसरीकडे पाच, दोन्हीकडे चार-चार करून एक डोकं वाचवायचं, किंवा पाच-पाच करून एक फुकट द्यायचं. काही ठिकाणी सगळ्यांच्या वर गाढवाचंही डोकं असतं, त्यामुळे हिशोब आणखी बिघडतो. वेदपाठी, वीणा वाजवणारा रावण आणि डोक्यावर गाढव. निवड समितीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या असाव्यात.

कुंभकर्ण आणि मेघनाद ओळखायची खूण विचाराल, तर छातीवरचं नाव वाचा. दुसरी खूण नाही. मिशा, मुकुट, वटारलेले डोळे सगळं एकाच मापाचं. मुळात दोघांनाही ताठ उभं करणं हाच एक विनोद आहे. कुंभकर्ण सहा महिने झोपणारा, त्याला उठवायला शंख, नगारे आणि अंगावरून हत्ती लागले. मेघनाद तर अदृश्य होऊन लढणारा, तो दिसत नव्हता हीच त्याची सगळी ताकद. त्याला पन्नास फुटांचा करून फ्लडलाइटमध्ये उभा करायचा म्हणजे त्याच्या कलेची पूर्ण माती. सागरांच्या 'रामायण' मालिकेने १९८७-८८ मध्ये निदान मेघनाद झालेल्या विजय अरोरांना ढगांत तरी लपवलं होतं.

दर वर्षी बैठकीत कोणीतरी नवा खलनायक सुचवेल: भ्रष्टाचार, महागाई, दहशतवाद, कोरोना. २०२० च्या दसऱ्याला पंजाबात शेतकऱ्यांनी कृषी कायद्यांच्या विरोधात रावणाच्या जागी नेते आणि उद्योगपती यांचे चेहरे लावून पुतळे जाळले. तिथे राग खरा होता आणि माणसंही खरी होती. पण सेक्टरच्या मैदानात दहा डोक्यांवर दहा दुर्गुणांच्या पाट्या लावणं मला रटाळ वाटतं. शाळेचा फळा जाळल्यासारखं दिसतं. खलनायकाला मिशा लागतात, घराणं लागतं, बायको समजावत होती तरी ऐकलं नाही असा इतिहास लागतो.

संघ जाहीर करण्याआधी कॉलनीत कोण कुठून आलं आहे याची चौकशी करा. हिमाचलातल्या बैजनाथचे शेजारी असतील तर त्यांच्या गावात रावण जाळत नाहीत, तो शिवभक्त म्हणून. मंदसौरकडचे असतील तर तो त्यांचा जावई. आणि आपण मराठी म्हणून बाजूला उभं राहून हसावं असंही नाही: अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची दगडी मूर्ती पूजेत आहे, मेळघाटातले कोरकू होळीच्या सुमारास मेघनाथाला पूजतात. चंदीगडच्या मैदानात दुय्यम भूमिकेत जळणारा हा मुलगा सातपुड्यात देव आहे. अमरावतीकडचा कोणी सहकारी असेल तर त्याला हे विचारा, तो तुमच्यापेक्षा जास्त सांगेल.

पाहुण्यांचा संघ निवडणं राक्षसांपेक्षा अवघड. हे शहर दोन राज्यांची राजधानी आणि वर केंद्रशासित प्रदेश, त्यामुळे रावणाकडे बाण सोडायला योग्य माणसं इथे गरजेपेक्षा जास्त आहेत. पंजाबचे राज्यपालच चंदीगडचे प्रशासक असतात, ते एका मैदानावर गेले की बाकीच्या कमिट्यांनी खासदार, महापौर, नगरसेवक या उतरंडीने समजून घ्यायचं. बाण एकच ठेवू नका. पहिला नेहमी पायाशी पडतो.

मैदान निवडताना आत किती माणसं मावतील याआधी बाहेर पडायच्या वाटा मोजा. १९ ऑक्टोबर २०१८ ला अमृतसरमध्ये जोडा फाटकाजवळ रुळांवर उभं राहून रावणदहन बघणाऱ्या गर्दीत गाडी शिरली आणि साठएक माणसं गेली. पोलिसांची परवानगी, अग्निशमन दलाचा बंब आणि दोरीचं कुंपण या तीन गोष्टींवर कमिटीत वाद घालू देऊ नका, बाकी कशावरही घालू द्या.

जाळायचा क्रम कुंभकर्ण, मेघनाद, रावण असा ठेवा. युद्धातही ते याच क्रमाने गेले. प्रत्यक्षात ज्याची वात कोरडी तो आधी जाईल. पाऊस आला तर तिघंही धुमसत राहतील, आणि लाउडस्पीकरवरचा माणूस वीस मिनिटं रामाचा जयजयकार करत वेळ काढेल. आग विझायच्या आत लोक दोरी ओलांडून धावतील, कारण अर्धवट जळलेला बांबू घरी नेणं इथे शुभ मानतात. लहान मुलांना मागे धरा. कुंभकर्णाचा बांबू की रावणाचा, हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिराला गाठा आणि पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कम द्या, नाहीतर शेजारचा सेक्टर देईल. पावतीवर उंची लिहून घ्या, नावं लिहून घ्या, आणि डोकी किती तेही अंकी-अक्षरी.