सेटिंगवाला

उमरीत कॉम्प्युटर बिघडला तर दुकानात नेतात. गेम बिघडला तर सेटिंगवाल्याला घरी बोलावतात. त्याला पैसे लागत नाहीत. चहा लागतो आणि पोराचा कबुलीजबाब लागतो.

"काय टाकलास यात?"

"काईच नाई दादा. आपोआप बंद पडायलाय."

'आपोआप' त्याला मान्य नाही. जीटीए सॅन अँड्रियास पीसीवर आला 2005 साली, आणि गावातला एकही सॅन अँड्रियास आता मूळ अवस्थेत उरलेला नाही, असं त्याचं ठाम मत. कुणी गेमचा नायक सीजे याच्या बुडाखाली बुलेट घातलेली, कुणी बसच्या जागी लालपरी आणलेली. या पोरानं ट्रॅक्टर बदललाय. अमेरिकेच्या रानात आपला लाल ट्रॅक्टर ट्रॉलीसकट फिरावा, एवढीच त्याची इच्छा. फिरतो तो पांढराफटक, कारण डीएफएफ फाइल टाकली आणि रंगरूपाची टीएक्सडी डाउनलोडमध्येच राहिली. तेही पाच मिनिटं. मग गेम काही न बोलता डेस्कटॉपवर आणून सोडतो.

सेटिंगवाला आधी नाडी बघतो. एक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि आकार: 1,43,83,616 बाइट. घरच्या गाडीचा नंबर त्याला विचारून घ्यावा लागतो, हा आकडा झोपेत येतो. एवढा भरला म्हणजे आवृत्ती 1.0, मोड म्हणजे असले बाहेरचे बदल बसणार. नाही भरला तर तो खुर्चीत रेलतो आणि इतिहास काढतो. गेमच्या पोटात दडवलेला एक चावट भाग 2005 मध्येच एका मोडनं उघडा पाडला, 'हॉट कॉफी' नावानं अमेरिकेत बोभाटा झाला आणि कंपनीनं पुढच्या आवृत्तीत मोडवाल्यांची वाट अडवली. आई खोलीत आली तर हे सगळं "कॉफीवरून काहीतरी भांडण झालतं, काकू" एवढ्यावर आटोपतं.

बाकी रोग त्याला लक्षणांवरून कळतात. माउस मेला? डॉक्युमेंट्समधली सेट फाइल उडवा. रस्ता गायब होऊन गाडी पाताळात चालली? जड मॉडेलं भरलीत, जुन्या गेमला तेवढी मेमरी पेलत नाही. मोड चालवणारं क्लिओ चालेना? अँटीव्हायरसनं त्याची डीएलएल चोर समजून आत टाकली. फ्रेम लिमिटर बंद करणाऱ्यावर मात्र त्याचा खास राग. गेम पळावा म्हणून पोरं तो बंद करतात आणि सीजेला धड पोहता येईनासं होतं. "फ्रेम वाढवून काय मिळालं? बुडविलास की गड्याला!"

मोहिमा, टोळ्या, पोलिसांचे तारे यांतलं त्याला काही ठाऊक नाही. ज्या उमरीत 30 जानेवारी 1948 ला हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या सैनिकांनी निजामी राजवटीतल्या बँकेचा पैसा लढ्यासाठी उचलला, तिथल्या या माणसाला गेममधला कसिनोवरचा दरोडाही बघावासा वाटत नाही. गेम सुरू होतो का, एवढाच त्याचा गेम. सुरळीत चालणाऱ्या फोल्डरकडं तो जरा संशयानंच बघतो.

दुपारभर एकेक मोड बाहेर काढून, परत आत घालून तो दोषी शोधतो. मध्ये लाईट जाते, तो हलत नाही. लाईट येते. "बॅकअप घेतलतास का?" पोरगं जमिनीकडं बघतं. शेवटी एकदाचा ट्रॅक्टर लालेलाल होऊन ट्रॉली ओढत डोंगराच्या रस्त्याला लागतो. पोरगं ओरडतं. मोंढ्यातून आलेले वडील टोपी काढून स्क्रीनपुढं वाकतात, ट्रॅक्टर नीट न्याहाळतात.

"याचा हप्ता कोण भरायलाय?"

सेटिंगवाल्याला ऐकूच जात नाही. ट्रॉलीचं मागलं चाक डांबरात बोटभर रुतलेलं त्याला दिसलेलं असतं. गेम बंद करून तो पुन्हा फोल्डर उघडतो. "काकू, अजून थोडा चहा टाका."